लदाखचे गुरुजी योसेब गेर्गन

श्रोतेहो, आज मी आपणांस ज्या गृहस्थांची ओळख करून देणार आहें, त्यांच्या आडनांवापासूनच आरंभ करितों. कारण त्या आडनांवानेंच मला प्रथम त्यांच्याकडे ओढलें. तें आडनांव ‘गेर्गन’. लदाखच्या भाषेंत गेर्गन म्हणजे शिक्षक. या शब्दाचीं पदें दोन. पहिल्याचा अर्थ पुण्य किंवा सद्गुण, आणि दुसऱ्याचा अर्थ वयानें व मानानें वडील. पुण्यशील वडीलधारा तो गेर्गन. आपल्याकडे कुळकर्णी, देशपांडे, पाटील, जोशी अशीं वतनांवरून व वृत्तींवरून आडनांवें पडलीं आणि तीं लोकांनीं मानानें मिरविलीं. ‘पंतोजी’ हा शब्द मात्र पुष्कळदां थट्टेचाच राहिला. मीं स्वतः छत्तीस वर्षें मराठी शाळेंत मुलांकडून मुळाक्षरें गिरवून घेतलीं. माझें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं. तेव्हां हिमालयापलीकडच्या एका उंच व ओसाड मुलखांत ‘शिक्षक’ हेंच ज्याचें नांव झालें, त्या मनुष्याची हकीकत मला जिव्हाळ्याची वाटली यांत नवल नाहीं.

योसेब गेर्गन यांचा जन्म १८७८ सालचा आणि मृत्यु १९४६ सालचा. मोरावियन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे ते लदाखांतील पाळक होते. म्हणजे परदेशांतून आलेले मिशनरी नव्हेत, तर त्याच मातींत वाढलेले धर्मसेवक. तिबेटी भाषेंत संपूर्ण बायबल अवतरलें तें मुख्यतः त्यांच्या श्रमानें. परंतु ज्यांच्यासाठीं हे श्रम झाले, ती लदाखांतील ख्रिस्ती मंडळी शेंकड्यांतच मोजण्याइतकी लहान होती. तेव्हां कोणीहि व्यवहारी मनुष्य विचारील, कीं उभें आयुष्य ज्या कामांत खर्चिलें त्याचें फळ काय? हा प्रश्न मलाहि पडला. त्याचें मला सुचलेलें उत्तर मी शेवटीं सांगेन. आधीं हकीकत ऐकावी.

प्रथम मोरावियन हे कोण, तें सांगितलें पाहिजे. बोहेमिया आणि मोराविया हे मध्य युरोपांतील, आजच्या चेक देशांतले प्रांत. तेथें यान हुस नांवाचा धर्मोपदेशक होऊन गेला. तो प्राग शहरांत लोकांच्या चेक भाषेंत उपदेश करी आणि धर्माधिकाऱ्यांच्या अनाचारावर निर्भीडपणें टीका करी. १४१५ सालीं त्यास जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या विचारांनीं प्रेरित झालेल्या कांहीं लोकांनीं १४५७ सालीं एक बंधुसंघ स्थापन केला. हाच मोरावियन पंथाचा उगम. या बंधुसंघानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस चेक भाषेंत बायबलाचें जें भाषांतर छापिलें, तें पुढें त्या भाषेच्या गद्याचा आदर्श ठरलें. याच संघाचे एक बिशप कोमेनियस. मुलांना चित्रें दाखवून शिकवावें, मातृभाषेंतून शिकवावें, धाकानें नव्हे तर गोडीनें शिकवावें, हे विचार त्यांनीं सतराव्या शतकांत मांडले. १६५८ सालीं निघालेलें त्यांचें सचित्र पाठ्यपुस्तक युरोपभर वापरलें गेलें. आज आपल्या बालवर्गांतल्या भिंतीवर चित्रांचा तक्ता दिसतो, त्याचें थोडें ऋण या निर्वासित बिशपाकडे जातें. निर्वासित म्हणण्याचें कारण असें, कीं धर्मयुद्धांत या पंथाची आपल्या देशांतून हकालपट्टी झाली होती.

पुढें १७२२ सालीं मोरावियांतून पळून आलेल्या कांहीं कुटुंबांस जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत काउंट झिंझेंडॉर्फ या जहागीरदारानें आपल्या जमिनीवर आश्रय दिला. तेथें हेर्नहूट हें गांव वसलें. अवघ्या दहा वर्षांत, म्हणजे १७३२ सालीं, या खेड्यानें आपले पहिले दोन मिशनरी वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांकडे पाठविले. त्यांपैकीं एक कुंभार होता व दुसरा सुतार. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. या पंथानें विद्वानांची वाट पाहिली नाहीं. हातांत कसब असलेलीं साधीं माणसें पाठविलीं, आणि तीं जेथें गेलीं तेथें बहुधा आयुष्यभर राहिलीं.

अशींच दोन साधीं माणसें, हायडे आणि पागेल, १८५३ सालीं हिंदुस्थानांत उतरलीं. त्यांना जावयाचें होतें मंगोलियांत. वाट तिबेटांतून होती, आणि तिबेटचीं दारें परकीयांस बंद होतीं. पुढें जातां येईना व मागें फिरावयाचें नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं १८५६ सालीं हिमालयांतील लाहौल खोऱ्यांत केलाँग येथें घर बांधलें. तें गांव आज हिमाचल प्रदेशांत आहे. मंगोलिया राहिला तो राहिलाच. हायडे मात्र पन्नास वर्षें या देशांत काढून १९०३ सालीं स्वदेशीं परतले. त्यांना येऊन मिळालेले तिसरे गृहस्थ येश्के. हे भाषापंडित होते. १८५७ पासून १८६८ पर्यंत ते येथें होते; तेवढ्या अवधींत त्यांनीं तिबेटी भाषेचा असा कसून अभ्यास केला, कीं १८८१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश आजहि अभ्यासक उघडून पाहतात. केलाँगला एक शिळाछापखाना होता. आपल्याकडे जुन्या पोथ्या शिळाछापावर निघत, तशींच तेथें तिबेटी अक्षरांत लहान लहान पुस्तकें निघूं लागलीं. नव्या कराराचें भाषांतर येश्के यांनीं बहुतेक पुरें करीत आणलें. परंतु १८८३ सालीं त्यांचा अंत झाला, आणि तो ग्रंथ १८८५ सालीं बर्लिन येथें छापून निघाला. त्याच वर्षीं लदाखची राजधानी लेह येथें मोरावियनांचें ठाणें बसलें.

आतां लेह कसें होतें हें डोळ्यांपुढें आणावें. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेअकरा हजार फूट उंच. पाऊस जवळजवळ नाहीं. बर्फाचें पाणी पाटानें आणावें तेव्हां सातूचें शेत पिकावें. श्रीनगराहून लेहला जावयाचें तर झोजी ला घाट ओलांडून सोळा मजला कराव्या लागत, आणि हिंवाळ्यांत तो घाट बर्फानें बुजे. तरी हें गांव एकटें पडलेलें नव्हतें. यारकंदचे, काश्मीरचे, पंजाबचे व तिबेटचे व्यापारी तेथील बाजारांत उन्हाळ्यांत एकत्र येत. मठांतून बौद्ध लामा, बाजारांत मुसलमान सौदागर, आणि त्यांच्यामध्यें आतां एक दवाखाना, एक शाळा व एक लहानसें प्रार्थनामंदिर. आरंभीं मिशनऱ्यांना मोठा आघात सोसावा लागला. १८९१ सालीं सांथीच्या तापानें त्यांचे पुढारी रेड्स्लोब आणि डॉक्टर मार्क्स हे दोघेहि दगावले.

अशा ठिकाणीं योसेब लहानाचे मोठे झाले. त्यांचे वडील मध्य तिबेटांतून येऊन लदाखच्या नुब्रा खोऱ्यांत स्थायिक झाले होते. म्हणजे घरांत ल्हासाकडच्या विद्येची परंपरा, बाहेर लदाखची बोली आणि शाळेंत मिशनऱ्यांचें नवें शिक्षण, अशा तीन प्रवाहांच्या संगमावर हा मुलगा वाढला. पुढें ते लेह येथें मिशनच्या शाळेंत शिक्षक झाले, आणि गेर्गन हें नांव सार्थ केलें.

शिक्षकाचा पाळक कसा झाला, यांत जगाच्या इतिहासाचा हात आहे. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. लदाखांतील मिशनरी बहुतेक जर्मन, आणि राज्य इंग्रजांचें. हिंदुस्थानांतल्या जर्मनांना स्थानबद्ध करून पुढें मायदेशीं पाठविण्यांत आलें. अशा स्थानबद्धांची मोठी छावणी आपल्या अहमदनगरास होती, हें आपणांपैकीं कित्येकांनीं ऐकलें असेल. ज्यांनीं हें काम साठ वर्षें वाढविलें होतें ते एकाएकीं निघून गेले. परकी हात काढून घेतल्यावर घर उभें राहतें कीं कोसळतें, याची ती परीक्षाच होती. युद्धानंतर १९२० सालीं योसेब गेर्गन आणि देवाझुंग या दोघां लदाखी गृहस्थांस पाळकपदाची दीक्षा देण्यांत आली. लदाखी मनुष्यानें लदाखी मंडळीचा धर्मगुरु होण्याचा हा पहिलाच प्रसंग. मिशन येऊन चौसष्ट वर्षें झाल्यावर हा दिवस उगवला, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. कारण नेटिव मनुष्याच्या हातीं किल्ल्या देण्यास त्या काळीं सर्वच मिशनें फार वेळ लावीत.

पाळकाचें काम बाहेरून पाहणाऱ्यास सोपें वाटतें: रविवारीं उपदेश, लग्नें, बारशीं, अंत्यविधि. परंतु मूठभर ख्रिस्ती घरें आणि भोंवतीं संबंध समाज बौद्ध व मुसलमान, अशा ठिकाणीं पाळकाचा प्रत्येक शब्द दोन श्रोत्यांना ऐकूं जातो. एक आपला, दुसरा शेजारचा. आपल्या मंडळीला श्रद्धा शिकवावयाची, आणि शेजाऱ्याला असें वाटूं द्यावयाचें नाहीं, कीं या मनुष्यानें धर्म बदलला म्हणजे आपली भाषा, आपले पूर्वज व आपला देशहि टाकून दिला. गेर्गन यांच्या आयुष्यांतील दुसरें मोठें काम या दृष्टीनें पाहावें. त्यांनीं तिबेटी भाषेंतील एक हजार म्हणी व सुभाषितें गोळा केलीं आणि त्यांतील अवघड शब्दांवर टिपा लिहून तीं ग्रंथरूप केलीं. शिवाय लदाखच्या राजांच्या वंशावळी, लेख व परंपरा जमवून त्यांनीं लदाखचा इतिहास तिबेटी भाषेंत लिहिला. तो ग्रंथ त्यांच्या हयातींत छापला गेला नाहीं. त्यांच्या पुत्रानें तो १९७६ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या नांवाचा अर्थ ‘लदाखच्या राजवंशाचा अमर ठेवा’ असा होतो. ज्या राजांचा हा इतिहास, ते बौद्ध. ज्या म्हणी गोळा केल्या, त्या बौद्ध संस्कृतींत मुरलेल्या. ख्रिस्ती पाळकानें हा ठेवा आपलाच मानून जपला, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याहि उपदेशाहून कमी मोलाची वाटत नाहीं.

आतां मुख्य कामाकडे वळूं. बायबलाचे भाग दोन: जुना करार आणि नवा करार. नवा लहान, जुना त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्यांत एकोणचाळीस पुस्तकें, नुसतीं स्तोत्रेंच दीडशें. नवा करार येश्के यांनीं केला होता. जुना करार पुरा करण्याचें ओझें गेर्गन यांनीं उचललें. त्यांचे सहकारी होते फ्रांके. हे १८९६ सालीं लेह येथें आले आणि लदाखचे शिलालेख, लोकगीतें व केसर राजाची वीरकथा यांचे संशोधक म्हणून पुढें नांवाजले. १९०४ सालीं त्यांनीं लेह येथें ‘लदाखचा अखबार’ नांवाचें तिबेटी भाषेंतलें वर्तमानपत्रहि काढलें होतें. १९०८ सालीं ते युरोपास परतले, महायुद्धांत त्यांनाहि स्थानबद्धता भोगावी लागली, आणि पुढें बर्लिन येथें ते तिबेटी भाषेचे प्राध्यापक झाले. तेव्हां कामाची रीत अशी पडली: गेर्गन यांनीं लेहमध्यें मसुदा तयार करावा, तो हरकाऱ्यांच्या पाठीवरून घाट ओलांडून, मग आगगाडीनें व आगबोटीनें जर्मनीस जावा, फ्रांके यांनीं तो तपासावा, आणि शेरे घेऊन त्यानें तीच वाट उलट चालून यावें. आपण वहीवर लाल शाईचे शेरे मारून ती दुसऱ्या दिवशीं परत देतों. येथें एका वहीला परत यावयास ऋतु पालटत असत. १९३० सालीं फ्रांके वारले. त्यानंतरहि गेर्गन यांनीं काम सोडलें नाहीं, आणि १९३५ च्या सुमारास जुन्या कराराचा मसुदा पुरा केला.

या कामांत अडचणी कोणत्या होत्या, हें समजून घेण्यासारखें आहे. पहिली अडचण अशी, कीं तिबेटी भाषा म्हणजे नेमकी कोणती? तिची लिपि आपल्याच ब्राह्मीच्या कुळांतली. परंपरा सांगते, कीं सातव्या शतकांत थोन्मी संभोट या मंत्र्यानें ती हिंदुस्थानांतून नेली. तेव्हां जसे उच्चार होते तसें लेखन ठरलें. पुढें बारातेराशें वर्षांत उच्चार पालटले, लेखन तसेंच राहिलें. ‘तारा’ या अर्थाचा शब्द ‘स्कर्म’ असा लिहितात. लदाखी मनुष्य तो ‘स्करमा’ असा आरंभींच्या ‘स’सह उच्चारतो, ल्हासाचा मनुष्य ‘करमा’ म्हणतो. लिहिलेलें एक, वाचन दोन प्रकारचें. व्याकरण आणि शब्द यांतहि असेच भेद. लेहच्या बाजारांतली भाषा ल्हासास कळत नाहीं, आणि ल्हासाची लेहला पुरी कळत नाहीं. परंतु मठांतील ग्रंथांची भाषा दोन्हीकडचे शिकलेले लोक जाणतात. मग लिहावें कशांत? लोकांच्या बोलींत लिहिलें तर एका खोऱ्यापुरतें, ग्रंथभाषेंत लिहिलें तर सर्व तिबेटभर चालेल, पण सामान्य माणसाला जड. आपल्याकडे संस्कृत कीं प्राकृत, हा वाद ज्ञानदेव-एकनाथांच्या काळापासून ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पेंचाची कल्पना सहज येईल.

दुसरी अडचण आदराची. आपण ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ एवढे भेद करितों. तिबेटींत शरीराच्या अवयवांचे सुद्धां निराळे आदरार्थी शब्द आहेत. सामान्य माणसाचा हात तो ‘लग्पा’, थोराचा हात तो ‘छ्याग’. डोकें निराळें, मस्तक निराळें. बोलणें, जाणें, झोपणें, सारेंच दुहेरी. त्यामुळें भाषांतरकारास प्रत्येक वाक्यांत ठरवावें लागतें, कीं बोलणारा कोण, कोणाशीं बोलतो आहे, आणि दोघांत थोर कोण. राजाशीं बोलणारा मेंढपाळ, बापाशीं बोलणारा मुलगा, देवाशीं भांडणारा दुःखी भक्त, या प्रत्येकाचें माप वेगळें. हें माप कोशांत सांपडत नाहीं. तें आईच्या मांडीवर आणि वडिलांच्या बैठकींत शिकावें लागतें. परकी पंडित आणि देशी शिक्षक यांतला फरक येथें दिसून येतो.

तिसरी अडचण सर्वांत खोल. बौद्ध धर्मांत सृष्टि निर्माण करणारा ईश्वर मानलेला नाहीं. तेव्हां ईश्वराला शब्द कोणता वापरावा? येश्के यांनीं ‘कोन्चोग’ हा शब्द घेतला. ‘कोन’ म्हणजे दुर्मिळ, ‘चोग’ म्हणजे श्रेष्ठ. परंतु बौद्ध मनुष्य हा शब्द ऐकतो तेव्हां त्याच्या मनांत बुद्ध, धर्म व संघ हीं तीन रत्नें येतात. म्हणजे शब्द शेजाऱ्याच्या घरांतला, आणि अर्थ आपला भरावयाचा. यांत चूक आहे काय? मला तसें वाटत नाहीं. आपल्या गोमंतकांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं ‘क्रिस्तपुराण’ छापिलें, तेव्हां पुराण हा शब्द आणि ओवी हें वृत्त त्यांनीं येथल्याच घरांतून घेतलें. नवा विचार जुन्या शब्दाच्या भांड्यांतूनच द्यावा लागतो. नाहीं तर तो घशाखालीं उतरत नाहीं. मात्र तें भांडें कोठून आणलें याची जाणीव ठेवावी लागते, आणि तें भांडें फुटूं देऊं नये. ज्या मनुष्यानें बौद्ध राजांचा इतिहास आदरानें लिहिला, त्यास ही जाणीव होती, असें मी समजतों.

याच्या उलट एक सोयहि होती. जुन्या करारांत जें जग आहे, तें आपल्याला पुस्तकी वाटतें, पण लदाखच्या माणसाला ओळखीचें वाटावें. मेंढरांचे कळप, केंसांच्या कापडाचे तंबू, पाण्यासाठीं वणवण, उजाड डोंगर, व्यापाऱ्यांचे तांडे, शेतीच्या हिरव्या पट्ट्याभोंवतीं पसरलेलें वाळवंट. चांगथांग पठारावरचे पशुपालक आजहि याकच्या केंसांच्या तंबूंत राहतात. अब्राहामाच्या गोष्टीचें चित्र काढावयास त्यांना परदेशी जावें लागणार नाहीं.

मसुदा झाला, तरी ग्रंथ झाला नाहीं. तपासणी, शुद्ध प्रत, पुन्हां तपासणी, यांत वर्षें गेलीं. त्यांत दुसरें महायुद्ध आलें. अखेर असें ठरलें, कीं सारा ग्रंथ सुंदर हस्ताक्षरांत लिहून काढावा आणि त्या पानांचे फोटो घेऊन लाहोर येथें छपाई करावी. केलाँगच्या शिळाछापापासून निघालेलें काम पुन्हां हस्ताक्षराकडेच आलें म्हणावयाचें. गेर्गन वृद्ध झाले होते. १९४६ सालीं त्यांचा अंत झाला. छापलेला ग्रंथ त्यांच्या हातीं पडला नाहीं. आपल्या पंडिता रमाबाईंचें असेंच झालें होतें. त्यांनीं बायबलाचें मराठी भाषांतर आयुष्याच्या अखेरपर्यंत केलें, १९२२ सालीं त्या वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर आला.

गेर्गन यांच्या मागें मात्र आणखी एक वादळ उठलें. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. लाहोर पाकिस्तानांत गेलें. १९४८ सालीं तेथें, बायबल सोसायटीचे चंदू रे यांच्या देखरेखीखालीं, तिबेटी बायबल छापून पुरें झालें. त्याच वर्षीं लेहभोंवतीं लढाई चालली होती. मे महिन्यांत सिंधूच्या वाळवंटांत तयार केलेल्या धांवपट्टीवर आपलें पहिलें विमान उतरलें, तेव्हां त्या गांवाला धीर आला. आणि झोजी ला घाट नोव्हेंबरांत आपल्या रणगाड्यांनीं मोकळा केला. ग्रंथ एका देशांत, ज्यांच्या गांवीं तो लिहिला गेला ते लोक दुसऱ्या देशांत, आणि मध्यें तोफा. ज्या वाटेनें कधीं काळीं मसुदे जात-येत, ती वाट अशी बंद झाली.

आतां त्या पहिल्या प्रश्नाकडे येतों. या साऱ्याचें फळ काय?

प्रथम जें उणें आहे तें स्पष्ट सांगतों. गेर्गन यांनीं ग्रंथभाषा निवडली. त्यामुळें त्यांचें भाषांतर दूरवर चालण्यासारखें झालें, पण लेहच्या साध्या शेतकरणीला तें वाचून समजेल असें झालें नाहीं. रमाबाईंनीं आपलें भाषांतर साध्या बायाबापड्यांस कळावें म्हणून मराठी सोपी करण्याचा अट्टाहास केला. गेर्गन यांनीं दुसरी वाट धरली. पुढें त्यांचेच जांवई, एलिया त्सेतेन फुन्त्सोग, यांनीं लदाखी बोली जशी बोलली जाते तशी सोप्या लेखनानें लिहावी असा प्रयत्न केला. हे घरंदाज लदाखी कुळांतले, बौद्ध धर्मांतून ख्रिस्ती झालेले. त्यांच्या या सुधारणेस बौद्ध विद्वानांनीं कडकडून विरोध केला. कारण ज्या अक्षरांत बुद्धवचन लिहिलेलें आहे, त्यांचें लेखन बदलणें त्यांना पवित्र वस्तूवर हात टाकण्यासारखें वाटलें. हा वाद केवळ धर्मांचा नव्हता. भाषा पंडितांची कीं लोकांची, आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा तो वाद होता. एकाच घरांत सासऱ्यानें एक उत्तर दिलें व जांवयानें दुसरें. आणि दोघांचींहि उत्तरें प्रामाणिक होतीं.

परंतु फळाचा हिशेब येथेंच थांबत नाहीं. १९५९ सालीं दलाई लामांच्या मागोमाग हजारों तिबेटी निर्वासित हिंदुस्थानांत आले. ज्या तिबेटांत जातां येत नाहीं म्हणून हायडे आणि पागेल केलाँगला अडले होते, तो तिबेट आतां स्वतःच चालत येथें आला. फुन्त्सोग देहरादूनजवळ राजपूर येथें जाऊन राहिले. तेथें निर्वासित मुलांसाठीं १९६३ सालीं मोरावियन शाळा सुरू झाली. नव्या कराराचें सुधारलेलें तिबेटी भाषांतर त्यांच्या श्रमानें १९७० सालीं निघालें, आणि १९७३ सालीं ते निवर्तले. त्याच मोरावियन शाळांतून, किन्नौरमधील पू या गांवीं, आणखी एक मुलगा शिकला होता. त्याचें नांव थार्चिन. त्यानें १९२५ सालीं कालिंपोंग येथें तिबेटी भाषेंत वर्तमानपत्र काढून तें सुमारें चार दशकें चालविलें, आणि बंद दारांआडच्या तिबेटास जगाची वार्ता पोहोंचविली. आणि गेर्गन यांचा इतिहासग्रंथ? तो आज लदाखचा भूतकाळ शोधणारे बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती, सारेच उघडतात.

मी शाळेंत होतों तेव्हां वर्षअखेर तपासणीस साहेब येत आणि पहिला प्रश्न विचारीत: पटावर मुलें किती? त्या प्रश्नाला मी कधीं नांवें ठेवलीं नाहींत. पट तर भरलाच पाहिजे. परंतु शिकवितांना मला असें अनेकदां वाटलें, कीं शाळेचें खरें माप पटांत मावत नाहीं. कोणता मुलगा कोठें गेला, त्याच्या तोंडीं कोणती भाषा राहिली, त्याच्या हातून काय लिहिलें गेलें, हें तपासणीस साहेब निघून गेल्यावर पुष्कळ वर्षांनीं कळतें. योसेब गेर्गन यांच्या मंडळीचा पट लहान होता व लहानच राहिला. पण त्यांनीं आपल्या लोकांच्या म्हणी राखल्या, राजांचा वृत्तांत राखला, आणि परक्या देशांतून आलेला ग्रंथ आपल्या भाषेंत मानानें बसविला. आपल्या धर्माशीं निष्ठा आणि आपल्या लोकांशीं निष्ठा, या दोहोंत एकीचा बळी द्यावा लागत नाहीं, एवढें त्यांनीं आचरून दाखविलें. लेहला आजहि मोरावियन शाळा चालू आहे. तेथें निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात, आणि शिक्षकाला अजूनहि गेर्गनच म्हणतात.

हा शब्द आतां माझ्या श्रोत्यांच्याहि स्मरणांत राहिला, तर एका निवृत्त पंतोजीला समाधान वाटेल.